यमुआत्या पायऱ्या चढली

अन्याय झाला तो माझ्या यमुआत्यावर, संक्रांतीपासून थेट होळीपर्यंत. ती विधवा, मुक्तीसाठी काशीत येऊन राहिलेली. मग तिच्या खोकल्याला औषध कशाला? ती खोकली की तिचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, म्हणत, "विश्वनाथाचं बोलावणं आलं हो!" तिला रोज संध्याकाळी ताप येई, जिना चढताना धाप लागे, आणि घर गंगाजल भरून तयार बसलं होतं!

आज खोकल्याच्या आजाराबद्दलची पत्रकं वाटताना एका दवाखान्यातून कार्बोलिकचा, जंतू मारायच्या औषधाचा वास आला आणि सगळं आठवलं. मी तेव्हा सोळा वर्षांची. काकांना न विचारता आत्याला डोलीत बसवून बायकांच्या जनाना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि मलाच झापलं, "इतके दिवस कशाची वाट पाहत होता?" छातीत पाणी साठलं होतं. ते त्यांनी सुईने काढलं.

उन्हाळ्यात एका सकाळी आत्या दुर्गाघाटाच्या पायऱ्या न थांबता चढली. ओला पदर पिळत काकांना म्हणाली, "काय रे बाळ्या, मुक्ती लांबली म्हणून रुसलास? आधी लंगडा आंबा तर खाऊ दे!" घाटभर हशा पिकला. काकाही हसले.

तेव्हा वाटलं, मी जिंकले. आता कळतं, तुला जगायचंय का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

तुमच्या घरात कुणाचा खोकला दोन आठवडे हटत नसेल, तर त्याला दवाखान्यात न्या. धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, तर आजच न्या.