बशीतला न दिसणारा पापुद्रा

क्लोरोफॉर्मचा तो गोडसर, गुंगवणारा वास वर्षभर माझ्या ओढणीला चिकटून होता! औरंगाबादच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत मी दोन पॉलिमरांचं मनोमीलन घडवायला निघाले होते. एक कडक, ठिसूळ पॉलिस्टायरीन. दुसरं मधासारखं चिकट. दोन्ही क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायची, काचेच्या बशीत ओतायची, वाळू द्यायची. एकरूप झाली तर पापुद्रा पारदर्शक, नाही तर दुधाळ. माझा प्रत्येक पापुद्रा दुधाळच निघे. एकाच बशीत नांदूनही दोघं परकी! माझंच काही चुकतंय, की काही मनं मुळात जुळतच नाहीत?

अखेर मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "सोमवारपासून दुसरा विषय घे."

त्याच शुक्रवारी क्लोरोफॉर्म संपलं. काचसामान सांभाळणाऱ्या चाचांनी कपाट धुंडाळून टोल्युइन या दुसऱ्या द्रावकाची बाटली आणली. "बेटी, ये है. चलता क्या देखो." दोन्ही पॉलिमर त्यातही विरघळली. हट्टानं मी शेवटची बशी ओतली.

सोमवारी पाहते तर बशी रिकामी! "चाचा, माझी बशी कुणी धुतली?" मी रडकुंडीला आले.

चाचांनी ती उजेडात तिरकी धरली. "धोया नहीं किसीने. हात लगाके देखो."

बोट टेकवलं आणि अंगावर रोमांच उभे राहिले. पापुद्रा होता! इतका नितळ, की नजरेला सापडलाच नव्हता.

बाई धावत आल्या. "अगं, क्लोरोफॉर्मची त्यातल्या एकाशीच जास्त सलगी. वाळता वाळता दोघांना तेच दूर लोटत होतं. टोल्युइननं दोघांना सारखंच मानलं!" आणि हसून म्हणाल्या, "विषय बदलायचा नाही हं."

म्हणजे दोष त्या दोघांचा नव्हताच. मध्यस्थाचा पक्षपात तेवढा आड येत होता. माणसांच्या संसारातही असं किती वेळा घडत असेल!

त्या आठवड्यात गंगापूरहून वडील आले. कापसाच्या शेतात आयुष्य घालवलेला माणूस. पापुद्रा डोळ्यांपुढं धरून बराच वेळ बघत राहिले.

"वर्षभर हेच करीत व्हतीस व्हय? मला तर कायबी दिसंना."

"नाही दिसत, तेच तर जमलंय, बाबा!"

ते खुदकन हसले. "मंग लई बेस झालं. एक तुकडा तुझ्या मायला नेऊ का?"

वहीच्या दोन पानांत तुकडा ठेवून मी दिला. एसटीच्या गर्दीत, कुणाचा धक्का लागू नये म्हणून, तो छातीशी धरून ते गंगापूरपर्यंत उभे राहिले.