वानखडेबाबूंनी मागितलेली एक ओळ

वानखडेबाबू कुठलाही छापील कागद शेवटच्या पानापासून वाचत. यवतमाळच्या सरकारी कापूस संशोधन केंद्रात ते ग्रंथपाल होते आणि मी टंकलेखक. नवी पुस्तिका आली की ते आधी तळाची संदर्भांची यादी पाहायचे. विचारले तर म्हणत, "वरतं माणूस आपलं सांगते. कोणापासून शिकला, ते खाली सांगते. नाही सांगितलं, तं समजून जायचं."

सहासात वर्षांपूर्वी वरून पत्र आले: केंद्राचा उपयोग काय ते दाखवा, नाहीतर बंद करू. समिती येणार होती. केंद्रप्रमुखांना आम्ही नुसते साहेब म्हणायचो; त्यांनी हे काम बाबूंवर टाकले. आमची एकच पुस्तिका बाहेर गाजली होती. सरकीला धावड्याचा डिंक आणि बारीक माती चोळली की दाणे सुटे होतात, पेरताना अडकत नाहीत, हे तिच्यात सिद्ध केले होते. बाबूंनी कलकत्त्याहून आणि परदेशातून पेटंटांच्या प्रती मागवल्या. पेटंट म्हणजे शोधावरचा हक्क. त्यात हे आधी कोणी छापले होते, तेही नोंदवलेले असते. कित्येक महिने ते त्या प्रती चाळत होते. चार पेटंटांत आमची पुस्तिका सापडली. त्यातले एक बड्या परदेशी कंपनीचे.

"पाहा, टायपिस्टसाहेब!" माझ्या टेबलावर थाप मारून ते म्हणाले. "एवढी मोठी कंपनी, पण डिंकमातीची गोष्ट तिले आपली म्हणता येत नाही. काहून? यवतमाळात आधी छापली!"

त्याच संध्याकाळी त्यांनी आमचीच पुस्तिका उलटी धरली. शेवटचे पान कोरे होते. जुन्या मुकादमाला खोदून विचारल्यावर कळले, साहेबांनी ही युक्ती केळापूरजवळच्या बंजारा तांड्यावर पाहिली होती.

रविवारी आम्ही दोघे पांढरकवड्याला एस.टी.तून उतरलो आणि तांड्यावर गेलो. साहेबांना ती युक्ती दाखवणारी झमकूबाई अंगणात सरकीच चोळत होती. सारा तांडा तिला याडी म्हणे, म्हणजे आई.

"तुमचा साहेब मूठभर बियाणं घेऊन गेलता," ती हसली. "मले वाटलं, लाडू समजून खाल्लं का काय!"

तुमचे नाव छापायचे आहे, असे बाबूंनी सांगितले.

"नाव छापून काय भेटते रे? लुगडं?" मग हात थांबवून ती म्हणाली, "पण छापशीन तं माह्या बापाचंही छाप. रामजी. त्यानंच शिकोलं मले."

"दोघायचंही छापतो, याडी. जबान देतो."

परतीच्या गाडीत बाबूंनी तिकिटाच्या पाठीवर दोन्ही नावे लिहून घेतली. मग म्हणाले, "बाईले अक्षर येत नाही. तरी न इचारता बापाचं नाव सांगितलं. अन् आपण शिकलेले!"

समितीसाठीच्या अहवालात त्यांनी त्या दोघांच्या नावाची एक ओळ घातली. साहेब भडकले. "समिती विचारेल, मग तुम्ही काय संशोधन केलं? केंद्र बंद पडलं तर इथल्या माणसांना तुम्ही पोसणार, वानखडे?"

"आपण तीन हंगाम पेरून मोजलं, ते आपलं हाये, साहेब. तेही लिहिलं. पण पयली गोष्ट तिची हाये. छप्पन साली दीक्षा घेतली, तवा खोटं बोलणार नाही म्हणून शपथ घेतली म्या. ही ओळ काढली तं मी सही करत नाही."

साहेबांनी कागद माझ्यापुढे टाकला. "ती ओळ सोडून टाइप करा."

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. अन्यायाविरुद्धचे माझे मजकूर बाजाराच्या दिवशी वाटले जात. त्या दुपारी मी स्वतःला सांगितले की केंद्र वाचवायचे आहे, आणि ती ओळ सोडून टाइप केले. साहेबांनी एकट्यानेच सही केली.

केंद्र वाचले. पेढे वाटले गेले. महिन्याभरात बाबूंची बुलढाण्याला बदली झाली. स्टँडवर त्यांची ट्रंक टपावर चढवून मी माफी मागू लागलो.

"मले कायले सांगून राह्यले?" ते म्हणाले. "जबान मी तिले दिलती. आता तुमीच जा अन् सांगा, नाव काहून नाही आलं ते."

दोन वर्षांनी ते तिकडेच वारले. त्यानंतर मी कामासाठी तीनदा पांढरकवड्याला गेलो. तिन्ही वेळा स्टँडवर चहा घेतला आणि तांड्यावर न जाता परतीची गाडी धरली.