आत्तींचं उंच गवत

कोल्हापुरात ईर्षा कशावरही लागते. फुटबॉलवर लागते, गणपतीच्या उंचीवर लागते, कुणाचा तांबडा रस्सा जास्त झणझणीत यावर तर घराघरांत भांडणं होतात. पण गवतावरून लागलेली ईर्षा मी फक्त माझ्या सासरी पाहिली.

सासर कागलच्या अलीकडं. मी शहरातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. संध्याकाळी गाडीवरून घरी आले की हेल्मेट काढायच्या आत सासूबाईंची, म्हणजे आमच्या आत्तींची, हाक येते, "आलीस का? म्हशीला पाणी दाव बघू." म्हैस एकच. पण सकाळी धार काढताना आत्ती तिच्याशी जेवढं बोलतात तेवढं सासऱ्यांशी उभ्या संसारात बोलल्या नसतील. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांचंही हेच म्हणणं आहे.

घरामागं मुरमाड माळ, मधून बांध. अलीकडचा तुकडा आमचा, पलीकडचा आत्तींच्या थोरल्या जावेचा. वाटणी झाल्यापासून दोघी बोलत नाहीत. म्हणजे एकमेकींशी बोलत नाहीत. एकमेकींबद्दल अखंड बोलतात.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर मामांनी जेवताना जाहीर केलं, "माळाचं गवत पुरलं तर म्हस ऱ्हाईल. इकतची वैरण मी आणणार न्हाय. दिवाळी झाली की दलालाला बोलावणार, सांगून ठेवतो." आत्तींचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पदर खोचला. माळाभोवती बाभळीच्या काट्यांचं असं कुंपण घातलं की मांजर आत जायची बिशाद नाही. पलीकडं आत्तींच्या जाऊबाईंनी मात्र नेहमीप्रमाणं पाऊस लागताच आपली म्हसरं, शेरडं मोकळी सोडली. श्रावणात आमचं गवत गुडघ्याच्या वर आणि त्यांचं घोट्याएवढं. मग काय! आत्ती बांधावर उभ्या राहून मला हाक मारायच्या, पण ऐकवायचं पलीकडं असायचं. "आगं, गवत बघ की कसलं आलंय! काही काही रानात तर उंदीरसुद्धा लपायचा न्हाय!"

मला राहवेना. पाइपची एक चौकोनी चौकट कॉलेजातून आणली आणि दोन्हीकडच्या गवतात ठेवून कुठं काय उगवलंय ते बघत बसले. रिमझिम होती म्हणून रेनकोट-हेल्मेट अंगावर तसंच. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलं, "काय पावणं, मोजणी आलीया व्हय?" मी वळून बघितल्यावर बिचारा ओशाळून निघून गेला.

आमच्या रानात सगळी कुसळी माजली होती. या गवताचा स्वभावच तसा, सरळ वर जायचं आणि ऊन आधी गाठायचं. तिच्या बुडाशी मारवेल होतं, म्हशीच्या आवडीचं, पण सावलीत पिवळं पडून जेमतेम जीव धरून. मारवेलला उंचीचा सोस नाही. त्याचे फुटव्याचे डोळे जमिनीलगत असतात, त्यामुळं जनावरानं वरचं ओरबाडलं तरी ते खालून पुन्हा फुटतं. पलीकडं जनावरांनी कुसळीचे कोवळे शेंडे वेळेवर खाऊन टाकले होते आणि मारवेलला मोकळं ऊन मिळालं होतं. त्या बोडक्या रानात ते गालिचा अंथरल्यासारखं पसरलं होतं. गणपती उरकले की जाऊबाई जनावरं बाहेर काढणार आणि ते वाढवून कापणार.

मी धावत घरी आले. "आत्ती, आत्ताच्या आत्ता कापा. अजून कोवळं आहे. फुलोरा आला की कुसळं धरतील."

"खुळी हायस का? आत्ता कापलं तर तिच्यापेक्षा उंच दिसणार कसं?"

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. कॉलेजात वर्ग भरून पोरं माझं ऐकून मान डोलावतात, आणि घरात हे!

दिवाळीपर्यंत गवत कमरेला लागलं. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, "नाद खुळा!" आत्ती नुसत्या फुलल्या होत्या. कापणी झाली, गंजी रचली, आणि पहिली पेंढी त्यांनी स्वतः म्हशीपुढं टाकली. म्हशीनं हुंगलं. एक घास घेतला, चावला, टाकला आणि जोरात मान झटकली. कुसळं तिच्या ओठांत रुतली होती. आत्ती खाली बसून ती एकेक उपटत होत्या आणि रडत होत्या. "माझ्या हातानं काटं चारलं गं हिला मी." मलाही भडभडून आलं. राग कुठल्या कुठं गेला.

मामांनी फोन उचलला आणि दलालाला सकाळी यायला सांगितलं.

चुलीपुढं आत्तींनी मला विचारलं, "तिच्या रानात काय हाय?"

"मारवेल."

"आणि माझ्यात का न्हाय?"

मी सगळं सांगितलं. ऊन, सावली, जमिनीलगतचे डोळे, शेरडांची तोंडं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे त्या बोडक्या रानानं मला हारवलं म्हणतीस."

"व्हय," मी म्हटलं. खोटं काय बोलायचं?

सकाळी उठले तर अंघोळीचं पाणी बाभळीच्या काट्यांवर तापत होतं. कुंपण निम्मं चुलीत गेलेलं. आत्ती बांध ओलांडून चालल्या होत्या. मी चपला न घालताच मागं पळाले. जाऊबाई अंगणात शेणी लावत होत्या. त्यांनी मान वर केली, पण हात थांबवला नाही.

"येत्या पावसाळ्यात तुमची जनावरं माझ्या माळात सोडा," आत्ती म्हणाल्या. एका दमात, पाठ केल्यासारखं.

"आणि कुंपण?"

"जाळलं."

जाऊबाईंनी एक शेणी भिंतीवर थापली. "तवर तुझी म्हस काय खाणार?"

आत्तींनी पदर डोळ्यांना लावला. जाऊबाईंनी हात पाण्यात बुचकळले आणि करवादल्या, "आता रडतीस काय? माझी गंजी लई मोठी हाय. आण तिला हिकडं. तिचं न्हाय माझ्याशी भांडण."

दलाल आला तेव्हा गोठ्यात नुसता खुंटा होता. मामांनी दारातून ओरडून विचारलं, "म्हस कुठाय?"

"अक्काकडं," आत्ती आतून म्हणाल्या.

थोरल्या जावेला आमच्याकडं अक्का म्हणतात. पण लग्न होऊन आल्यापासून आत्तींच्या तोंडून मी तिच्याबद्दल फक्त 'ती' आणि 'पलीकडची' एवढंच ऐकलं होतं. मामा उंबऱ्यातच थबकले. एकदा आत बघितलं, एकदा बांधाकडं. मग दलालाला म्हणाले, "पावणं, च्या घ्या आणि जावा. म्हस इकायची न्हाय."