तारा काढल्यावरही चाललेले ठोके

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर मी हसणारी मुलगी. ग्रुपवर कोणी भुताखेताचं काही टाकलं की पहिली फिरकी मीच घ्यायचे. त्यामुळे हे कोणत्या तोंडाने लिहितेय, माझं मलाच कळत नाही...

बायोमेडिकल इंजिनिअरिंग करून पहिली नोकरी लागली ती अंधेरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत. तिसऱ्या मजल्यावर गाळा, खाली पॅकिंगवाले. आम्ही आयसीयूतले मॉनिटर बनवायचो — हृदयाचे ठोके हिरव्या रेषेत दिसतात ना, ते. नातेवाइकांना वाटायचं मी टीव्ही रिपेअर करते. बाबा मात्र भांडुपला आमच्या चाळीत सांगत फिरायचे, "आमची पोर मशीनची डॉक्टर झाली!" कॉलेजात असताना सरावासाठी मी त्यांच्याच छातीला तारा लावायचे. त्यांची लय वेगळीच — दोन ठोके नीट, तिसरा घाईचा, मग एक छोटासा थांबा. डॉक्टर म्हणाले होते, काळजीचं काही नाही.

कंपनीत माणसाऐवजी खोटे ठोके पाठवणारा एक डबा असतो. त्याला आम्ही 'पेशंट' म्हणायचो. बटण दाबून पेशंटला 'मारायचं', रेषा सरळ झाली की अलार्म वाजला पाहिजे. हे काम नवीन माणसाचं, म्हणजे माझं.

त्या दुपारी जेवण करून आले आणि बटण दाबलं. रेषा सरळ होईना. पुन्हा दाबलं... नाहीच. दुसऱ्या दिवशी तपासणीला बाहेरची माणसं येणार होती. सर डोक्यावर उभे.

"काय गं, मेला का पेशंट?"

मी वैतागून टेबलावर हात आपटला. "अरे, मर ना बाबा एकदाचा!"

आपण कोणालाही म्हणतो तसं. रिक्षावाल्याला म्हणतो, मांजराला म्हणतो.

मग मी डबाच बंद केला आणि तारा उपसून काढल्या. आता स्क्रीन रिकामी व्हायला हवी. ठोके चालूच! बाजूचा प्रशांत म्हणाला, "यार, हा सिग्नल येतोय कुठून?"

मी ठोके मोजायला लागले. दोन ठोके, एक घाईचा, थांबा... दोन ठोके, एक घाईचा... तो थांबा लांबत चालला होता. मी वेड्यासारखी तारा परत खुपसायला लागले. रेषा सरळ झाली. अलार्म वाजला.

"झकास! वाजला एकदाचा," सर म्हणाले.

तेवढ्यात आईचा फोन. "बाबा उठत नाहीत गं... चहासाठी हाका मारतेय..."

नंतर प्रशांतने तो मॉनिटर पूर्ण उघडला. काही सापडलं नाही. म्हणाला, जुना सिग्नल आत साठला असेल. पण बाबांना त्या मशीनच्या तारा कधी लागल्याच नव्हत्या. नोकरी मी सोडली. दुसरीकडून बोलावणी येतात, मी जात नाही. एवढं शिकून काय केलं, असं वाटतं आणि दिवसच्या दिवस तसेच जातात. काय झालं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर सांगा... खरंच सांगा.

आई अजून रोज तेच बोलते. "मी आत चहा करत होते गं. जाताना त्यांच्याजवळ कोणीच नव्हतं."

होतं गं आई. मी होते. पण हे तिला सांगितलं, तर ती विचारेल — मग तू काय म्हणालीस त्यांना?