आज काय टाळलं?

रिक्षाचं भाडं वाचवून कर्ज फेडायचं, म्हणून मी हप्त्यांवर स्कूटर घेतली.

आधीचं कर्ज टीव्ही आणि सोफ्याचं. त्यापायी बायकोच्या पाटल्या गहाण पडलेल्या. लातूरला शाळेत जाताना औशाच्या रोडवर शेअर रिक्षात रोज एक बाई भेटायच्या. नाव कधी विचारलं नाही. नवऱ्याच्या ऑपरेशनपायी त्यांचंही सोनं गहाण होतं. गळ्यात नुसते काळे मणी, आणि त्यांवरून सारखा अंगठा फिरवायची सवय.

बसल्या की विचारायच्या, "सर, आज काय टाळलं?"

"चहा."

"शाब्बास! म्या भजे टाळले."

तेवढ्या कौतुकावर मी दिवसभर वर्गात छाती काढून फिरायचो. चहाचे साठलेले सगळे पैसे पुढं स्कूटरच्या पहिल्या हप्त्यात गेले.

ती मिरवायला मी नाक्यावर गेलो, तर बाईंच्या मण्यांत सोन्याच्या दोन वाट्या परत आलेल्या.

"बसा, सोडतो," मी ऐटीत म्हणालो. "आजपासून रिक्षाच टाळली!"

त्यांनी सीटवरचं प्लास्टिक चाचपलं. "हप्त्यावर हाय?"

"हाव."

त्या रिक्षात जाऊन बसल्या आणि बाहेर डोकावून म्हणाल्या, "सर, कर्जाला एकट्याला करमंना, म्हणून जोडीदार आणला का?"