टेकडीवरच्या टाळ्या

फिजीतल्या त्या बेटावर वासितीने तीस वर्षं पोस्टात बसून लोकांचे फोन जोडून दिले, आणि एकही चोरून ऐकला नाही, असं ती छातीठोकपणे सांगे. विश्वास कुणाचाच बसत नसे.

निवृत्तीनंतर तिला एकच ध्यास लागला, नळाचा. टेकडीवरच्या नऊ घरांना पाणी खालून बादल्यांनी आणावं लागे आणि तिचे गुडघे आता कुरकुरत होते. गावसभेला पुरुष बसत, बायका चुलीपाशी. नळाचं काय झालं म्हणून विचारलं की गावप्रमुख सेमेसा म्हणे, "विचार चालू आहे, बाई." तो तिचा मामेभाऊ. आते-मामे भावंडांनी एकमेकांची खोडी काढलीच पाहिजे, असा तिथला रिवाज, आणि दोघंही तो मनापासून पाळत.

मग वासितीने शहरातून साबणाच्या वडीएवढं एक स्वस्तातलं यंत्र आणलं. ते सभेत ठेवलं की तिथलं बोलणं गावातल्या प्रत्येक रेडिओवर ऐकू येई.

"म्हणजे माझी भाषणं थेट तुमच्या चुलीपर्यंत?" सेमेसा फुलला.

"हो रे. तेवढेच उंदीर पळतील."

पहिल्याच दिवशी सेमेसा तासभर बोलला आणि सभा संपल्याचं त्याने जाहीर केलं. यंत्र बंद करायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. मग यांगोनाचं मोठं भांडं मधे आलं. गावातले खरे निर्णय या पेयाच्या भांड्याभोवतीच होत.

"नळ माझ्याच अंगणात बसवू," सेमेसा म्हणाला. "टेकडीवरच्यांना काय, चालायची सवयच आहे."

टेकडीवर रेडिओ ऐकत बसलेल्या वासितीला आधी रडू आलं, मग संताप. सभेत बाईने बोलायचं नाही. पण कुणी यांगोना प्यालं की ऐकणाऱ्याने तीन टाळ्या वाजवायच्या, हाही रिवाजच. ती दारात येऊन शेजारणींना ओरडून म्हणाली, "ऐकलंत ना गं? आता तो प्याला की रिवाज पाळा!"

सेमेसाने करवंटी रिकामी केली. पुरुषांच्या तीन टाळ्या झाल्या. आणि लगेच टेकडीवरून, नऊही घरांतून, तीन टाळ्या आल्या.

सेमेसाने यंत्रावरचा लुकलुकता दिवा पाहिला. घसा खाकरून तो यंत्राजवळ सरकला. "तर मी काय म्हणत होतो, नळ टेकडीवरच बसवायचा."

महिन्याभरात नळ आला. उद्घाटनाला सेमेसा धापा टाकत टेकडी चढला आणि वासितीच्या पायरीवर मटकन बसला.

"वासिती, घोटभर पाणी दे गं."

"विचार चालू आहे," ती म्हणाली आणि तोटी सोडली.