बाहेर मी, आत रेवा

मंगळवारी दुपारी मी माझ्याच घराबाहेर अडकले... आणि आत एकटी रेवा.

रेवा दहा महिन्यांची. नुकतीच रांगायला लागलीय, धरून उभीही राहते. प्लगवर टेप, टीपॉयच्या कोपऱ्यांना फोम, फिनाईल माळ्यावर, बादल्या पालथ्या... मला वाटलं होतं, सगळं सुचलं आपल्याला.

सुरतला येऊन सात महिने झाले. नवरा हजीऱ्याला प्लांटमध्ये, तिथे फोन गेटवरच जमा करावा लागतो. बाकी सगळे अकोल्याला. दिवसभर बोलायला फक्त रेवा... आणि तिला अजून बोलता येत नाही.

त्या दिवशी कचऱ्याची पिशवी ठेवायला दोन पावलं बाहेर गेले. ती मागून आली असणार, दाराला धरून उभी राहिली असणार. दार धाडकन लागलं आणि लॅच पडलं. चावी आत, मोबाईल आत, गॅसवर कुकर.

समोरच्या फ्लॅटची बेल मारली. हंसाबेन, साठीच्या पुढच्या, एकट्याच राहतात. आमचं बोलणं कधी 'केम छो'च्या पुढे गेलंच नव्हतं. मी त्यांना काय सांगितलं, आठवत नाही. त्यांनी वॉचमनला फोन केला, आधी खालून गॅसची लाइन बंद करायला लावली, मग चावीवाल्याला आणायला पाठवलं.

मला म्हणाल्या, "बेसी जा. एनी साथे बोल्या कर. तारो अवाज सांभळशे तो अहीं ज रहेशे."

खरंच होतं. आवाज ऐकला तर ती दारापाशीच थांबेल, किचनकडे जाणार नाही. मी फरशीवर आडवी झाले आणि दाराखालच्या फटीतून बोलत राहिले... भाजीवाल्याबद्दल, आजोबांच्या सायकलबद्दल, सुचेल ते. थोड्या वेळाने फटीतून दोन इवलीशी बोटं बाहेर आली. त्यांना बोट लावून मी बोलत होते आणि बोलता बोलता म्हणून गेले, "मला इथे करमत नाही गं."

कुकरचा आवाज थांबला होता. हंसाबेन शेजारी जिन्याच्या पायरीवर बसून होत्या.

अर्ध्या तासाने चावीवाल्याने लॅच उघडलं. रेवा दाराला टेकून असेल म्हणून हंसाबेननीच दार हळूहळू ढकललं. ती माझी चप्पल चघळत बसली होती... तिला उचललं आणि मी रडायलाच लागले.

हंसाबेननी पाठीवर हात ठेवला. "तू बपोरे रडे छे ते मने संभळाय छे. बेल मारवी के नहीं, ए ज न समजाय."

म्हणजे माझं दुपारचं रडणं त्यांना इतके दिवस ऐकू येत होतं. बेल मारावी की नाही, एवढंच त्यांना कळत नव्हतं... आणि मला वाटायचं, या मजल्यावर माझं कुणाला काही माहीत नाही.

आता दुसरी चावी त्यांच्याकडे असते. काल दुपारी त्या काही काम नसताना आल्या. रेवा त्यांच्या मांडीवर झोपली, आम्ही दोघी फार बोललोही नाही. पण सात महिन्यांत पहिल्यांदाच... चार कधी वाजले, कळलं नाही.